जोडीतली दुसरी स्प्रिंग

मिनेसोटा, १७ जानेवारी, पहाटेचे पाच पन्नास, उणे एकतीस अंश. गॅरेजच्या दाराचा भार पेलणारी स्प्रिंग बंदुकीसारखी कडाडून तुटली. ऐंशी किलोंचे दार गाडीमागे अडून बसले. लेम्पीचे डायलिसिस साडेसहाला होते. सप्टेंबरात जोडीतली पहिली स्प्रिंग तुटली, तेव्हा कारागिराने दोन्ही बदलायला बजावले होते. पण “दुसरी धडधाकट आहे,” म्हणत लेम्पीच्या नवऱ्याने, आर्वोने, आणलेल्या दोन नव्यांतली एकच बसवू दिली होती आणि दुसरी फळीवर जपून ठेवली होती. तीच बसवायला तो आता शिडीवर चढला. स्प्रिंगला पीळ द्यायच्या सळया नव्हत्या, म्हणून हाती दोन पेचकस घेतले; ते निसटले असते तर ताणलेल्या स्प्रिंगने हात मोडले असते. “खाली उतर, शहाण्या! माझी मूत्रपिंडं गेलीच, आता तुझे हात घालवतोस?” लेम्पी ओरडली. “उशीर होईल गं.” “होऊ दे. शेजाऱ्यांना बोलाव.” तो उतरला. शेजाऱ्यांनी दार उचलून धरले, गाडी निघाली. पोचायला पन्नास मिनिटे उशीर झाला आणि पुढच्या रुग्णाची वेळ ठरलेली होती, म्हणून चार तासांऐवजी लेम्पीला यंत्रावर तीन तास दहा मिनिटे मिळाली.