पंच क्रमांक दोन

ताराबाईंनी दाताने धागा तोडून सुईखालचं अर्धं शिवलेलं पोलकं काढून घेतलं. नगरपंचायतीच्या माणसांनी मशीन दोन्ही बाजूंनी आधीच धरली होती.

"ही तं कोर्टानंबी सोडली होती," त्या हळूच म्हणाल्या. "पोटाचं साधन हाये म्हने. आता आमी खाचं काय?"

वसुली कारकून कृष्णराव पंचनाम्याचा कागद मांडीवर घेऊन त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या दारात बसला होता. "मी काय करू, काकू? दोन वर्षांचा घरटॅक्स थकला."

"कोनत्या घराचा?" खाटेवरून त्यांचे पती भैय्यालाल ओरडले. "दिवाळं निघालं माहं! कोर्टानं नादार लिहून देल्लं. घर लिलावात टेकचंदनं घेतलं, दोन सालापासून थोच राहून राहिला. अन् टॅक्स मले काहून?"

"नादारीत बँकेचं, सावकाराचं कर्ज मिटते, काका. टॅक्स नाही मिटत. अन् रजिस्टरवर नाव अजून तुमचंच आहे. टेकचंदभाऊ म्हणतात, जुनी बाकी भरल्याबिगर मी घर नावावर करून घेत नाही."

"जुनी?" ताराबाई म्हणाल्या. "त्याईच्याच राहन्याची ना?"

कृष्णराव टाचणी शोधू लागला.

पंच दोन लागत होते. पानठेलेवाल्याने सही केली आणि मान खाली घालून निघून गेला. शेजारच्या गोदावरीबाईंनी दार लावून घेतलं. तेवढ्यात मोटरसायकल थांबली. टेकचंदच. थेट देवळातून आलेला, कपाळावर ओला टिळा, हातात द्रोण.

"अरे, मी करतो ना सही! आपल्या मानसाच्या कामी नाही पडलो तं काय फायदा?" त्याने द्रोण पुढे केला. "घ्या वहिनी, परसाद. शिरा हाये."

प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. ताराबाई जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या. तुपाचा वास नाकात गेला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

पंचनामा वाचून दाखवावा लागतो. कृष्णराव वाचू लागला.

"...घर क्रमांक चारशे बाराच्या थकबाकीपोटी शिलाई मशीन, एक नग, जप्त. पंच क्रमांक दोन, टेकचंद, राहणार घर क्रमांक चारशे बारा."

आवाज कुठेच अडखळला नाही.

ताराबाईंनी टेकचंदकडे पाहिलं. तो बोटं चाटत कागदावर वाकला होता.

"साहेब," तो म्हणाला, "माह्या पत्त्यात पिनकोड राहिला."