मुतवल्लीच्या गावी

"बहिणी का?" दोघींना हात देऊन होडीत उतरवून घेताना नावाड्यानं सहज विचारलं.

"सवती," तफीदा म्हणाली आणि ऐसपैस बसली. नावाड्याचं वल्हं पाण्यात पडायचं ते हवेतच फिरलं. इन्शिराहनं डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवलं.

दोघींचा नवरा मुतवल्ली थंडीत गेला. तो या रशीद गावच्या गोदीत वाढलेला, पुढे अलेक्झांड्रियात मच्छीमार बोटीवर तांडेल झाला; दोघींचं घरही तिथंच. विधवेनं पाळायची इद्दत संपली तसं इन्शिराहला तिच्या भावानं दमनहूरला बोलावून घेतलं. संध्याकाळी इथूनच तिची गाडी होती. "जाण्याआधी त्याचं गाव तरी बघून घेऊ," असं तफीदाच म्हणाली होती. सकाळपासून दोघी जुन्या विटांच्या घरांमधून रमतगमत हिंडल्या, खजूर खाल्ले, उसाचा रस प्यायल्या. जाण्याचा विषय मात्र कुणी काढला नाही.

होडी नाईलच्या काठाकाठानं गोदीपाशी आली. अर्धवट बांधलेल्या बोटींच्या फासळ्या उन्हात उघड्या होत्या.

"लग्न झाल्यावर त्यांनी मला इथं आणलं होतं," इन्शिराह म्हणाली. "म्हणाले, तुझ्याशिवाय कुणालाही ही जागा दाखवली नाही."

तफीदानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "बोई खायला घातली? भाजलेली?"

"हो. काटेसुद्धा काढून दिले."

"मलाही."

नावाडी घाईघाईनं पलीकडच्या काठाकडे बघू लागला.

"खोटारडा मेला," तफीदा म्हणाली, आणि दोघींना असं हसू फुटलं की होडी डुचमळू लागली.

"मावश्यांनो, जरा बेतानं हसा," नावाडी म्हणाला.

हसता हसता इन्शिराह रडायला लागली. तफीदानं पोराचं पुसावं तसं आपल्या बाहीनं तिचं नाक पुसलं.

गाडीतळावर दमनहूरची गाडी लागलेली होती. इन्शिराह हलेना.

"ताई, तुम्ही एकदा राहा म्हणाला असतात, तर मी कशाला निघाले असते?"

"मी कोण म्हणणार? घर काय माझ्या एकटीचं आहे?"

तेवढ्यात पलीकडून अलेक्झांड्रियाच्या गाडीवाल्यानं आरोळी ठोकली, "एक जागा, एकच!"

"दोन," तफीदा म्हणाली.

"एकच आहे, मावशी."

"मग जा तू. आम्ही मागच्या गाडीनं येऊ." ती बाकावर बसली आणि शेजारची जागा तिनं हातानं झाडली. "भावाला फोन कर. शिव्या दिल्या तर माझ्याकडे दे."

पुढची गाडी आली तेव्हा इन्शिराह आधी चढली आणि खिडकी पटकावून बसली.

"मोठी कोण?" तफीदानं विचारलं.

"तुम्हीच. पण गाडी सुटली की तुम्ही घोरता," इन्शिराह बाहेर बघत म्हणाली, आणि तफीदाला डोकं टेकता यावं म्हणून तिनं खांदा जरा पुढे केला.