चुलत्याचा जबडा

संग्रहालयात हाडं साफ करणाऱ्या बाईंकडे माणसाच्या नामशेष चुलत्याचा जबडा आला. जन्मभर चिवट गवत चावून जगलेला, अंगठ्याएवढ्या दाढांचा. लाखो वर्षं दगड होऊन पडलेल्या त्या दाढांत बाईंना गवताची ओली, हिरवी काडी सापडली.

“तुम्हीच भरवली असेल!” साहेब सगळ्यांसमोर खिदळले. मग जबड्यात बोट घालून म्हणाले, “चाव रे, काका!”

काहीच झालं नाही. बाईंचं तोंड मात्र एवढंसं झालं.

दुपारी साहेब जेवणाच्या बंद डब्यासमोर बसून काहीतरी चावत होते. हनुवटी संथ फिरत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“काय खाताय, साहेब?”

त्यांना थांबता येईना. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड उघडलं. आत जीभ अर्धीच उरली होती.

बाईंनी तोंड हलकेच मिटून दिलं.