महिन्याच्या बोलीवर

"सही करायची नसेल तर चालता हो!" घरमालकीणबाई दारातूनच कडाडल्या.

कवळीवाल्याने हातातला प्लास्टरचा साचा खाली ठेवला. दातांच्या डॉक्टरांसाठी तो तळमजल्यावरच्या याच खोलीत कवळ्या बनवायचा. डॉक्टर सगळे याच रस्त्यावरचे. खोली गेली की धंदा बसलाच.

"इतकी वर्षं महिन्याच्या बोलीवर राहतोय. आताच वर्षाचा करार कशाला?"

"मी सांगते म्हणून. वरच्या दोघांनी मुकाट्याने केली सही."

"आणि वर्ष संपलं की माझं सामान रस्त्यावर! दूधखुळा समजलात का मला?"

त्यानेच बनवलेली कवळी लावून बाई त्याच्यावर दातओठ खात राहिल्या. भाडं घेताना दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात हाकलते' म्हणायची त्यांची रीतच होती. त्या धमकीखाली त्याने अर्धं आयुष्य मजेत काढलं होतं. शेवटची तारीख घातलेला कागद पाहून मात्र त्याला धडकी भरली.

बाईंचा मुलगा त्यांचा दंड धरून उभा होता. "आई, काकांच्या मनात नाही तर कशाला जबरदस्ती?"

"तू मध्ये तोंड घालू नकोस!"

जिन्याशी पोचल्यावर मुलगा दोन पावलं मागे आला आणि हळूच म्हणाला, "काका, अजिबात सही करू नका. मी आहे ना."

या बाईच्या पोटी असा मुलगा कसा निपजला, याचं कवळीवाल्याला नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या, भिंतीला धरत, धापा टाकत. त्याने खिडकीतून पाहिलं आणि कडी लावून घेतली.

"उघड रे. आज मी एकटीच आलेय."

"एकट्या या नाहीतर फौज घेऊन या. सही मिळणार नाही!"

"गाढवा, अरे तुझ्याच..." पुढचं खोकल्यात गेलं. थोड्या वेळाने करार दाराखालून आत सरकला. त्याने तो टराटरा फाडला आणि तुकडे तिथूनच बाहेर लोटले. म्हातारीची चांगली जिरवली, म्हणून त्या दिवशी तो भलताच खूश होता.

महिना उलटायच्या आत बाई गेल्या.

काही दिवसांनी मुलगा खाली आला. कवळीवाल्याने खुर्ची पुसून पुढे केली. "आता भाडं तुमच्याच हातात द्यायचं ना?"

"या महिन्याचं राहू द्या, काका," मुलगा गोड हसला. "घर विकायला काढलंय. वरच्या दोघांचे आईने करार करून ठेवलेत, वर्षभर त्यांना हात लावता येत नाही मला. तुम्ही तेवढी महिनाअखेर खोली रिकामी करा."