पंखावरचा बर्फ

"आली का रेणू?" डोळे न उघडताच रंगनाथनं विचारलं.

"निघायलीय. विमानात बसली की फोन करते म्हणली," पंचफुला बोलली आणि चमच्यानं नवऱ्याच्या ओठांवर पाणी सोडलं. ते ओघळून उशीवर गेलं.

परभणीच्या डॉक्टरनं सकाळीच हात टेकले होते. घरी न्या, रात्र निघाली तर निघाली, म्हणाला. पिंगळीच्या त्या दोन खोल्यांत आता फक्त श्वासाची घरघर होती. लेक रेणुका श्रीनगरच्या विमानतळावर इंजिनिअर. दुपारचं विमान मिळालं, तर उजाडायच्या आत बापाजवळ पोचणार होती.

फोन वाजला. थोरल्या मुलानं, नागेशनं स्पीकर लावला.

"दादा, विमान थांबलंय. पंखांवर बर्फ धरलाय."

"मग पुसा की!"

"पुसून निघत नाही. चिकटून बसलाय. वितळवायचं औषध संपलंय आणि ते आणणारी गाडी घाटात अडकलीय. आता उद्याच."

"लय हाय का बर्फ?"

"मीठ भुरभुरल्यासारखा. पण तेवढ्यानंही विमान वर चढत नाही, दादा. पडतं."

नागेशचा आवाज फाटला. "कोण हाय तो थांबवणारा? त्याच्याकडं फोन दे. मी पाया पडतो त्याच्या. बाप चाललाय म्हणून सांगतो."

पंचफुलानं फोन हिसकावून घेतला. सकाळपासून छातीत दाबून धरलेलं सगळं एकदम तोंडातून बाहेर आलं.

"ज्यानं माझ्या लेकीला अडवलं, त्याचा बापबी असाच लेकराची वाट बघत जाऊ दे!"

पलीकडे वारा घोंगावत होता.

"आई," रेणुका म्हणाली, "विमान सोडायची सही माझी असते. आत दीडशे माणसं बसली होती. मीच उतरवली."

पंचफुलानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. खाटेवर रंगनाथच्या पापण्या हलत होत्या.

"माझी जीभ झडो गं माय," ती कशीबशी म्हणाली. मग वाकून तिनं फोन नवऱ्याच्या कानाशी धरला.

"मला नको सांगू. ह्यायला सांग, तू काय केलंस ते. अजून ऐकू येतंय ह्यायला."