घरी वाचा

अकोल्याच्या त्या मेडिकलसमोर नितेश सर हेल्मेट घालून उभे होते. आले होते मात्र एसटीनं. अमरावतीपासून शंभर किलोमीटर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले, तेव्हा शेजारच्या बाईनं न राहवून विचारलंच, "भाऊ, गाडी चोरीले गेली का?" सरांनी झोपेचं सोंग घेतलं. आता बोला!

एवढा खटाटोप एका गोळीसाठी. गर्भ राहू नये म्हणून बहात्तर तासांच्या आत घ्यायची ती गोळी. अमरावतीच्या राजापेठेत मेडिकलांना तोटा नाही. पण सरांचा दहावीच्या विज्ञानाचा क्लासही राजापेठेतच, आणि तिथल्या प्रत्येक काउंटरमागं एक तर त्यांचा विद्यार्थी, नाहीतर विद्यार्थ्याचा काका. म्हणून दोन महिन्यांत अकोल्याची ही चौथी फेरी, दर वेळी वेगळ्या दुकानात. आज तशी घाईही नव्हती. घरात एखादी असलेली बरी, एवढंच.

"ती... बहात्तर तासवाली द्या," सर हेल्मेटच्या आतून बोलले.

काउंटरमागच्या बाईनं मान वर केली. "नितेश सर ना? मी नगमा, सर. तुमच्या क्लासची जुनी विद्यार्थिनी. सासर आहे माझं इथं."

हेल्मेट काढावं की उलटं घालावं, हे सरांना सुचेना. शेवटी काढलं.

"आवाजावरून ओळखलं तू?"

"वर्षभर 'शांत बसा' ऐकलं ना सर." ती हसली. मग हळू आवाजात विचारलं, "याच्या आधी किती झाल्या?"

"तीन. दोन महिन्यांत."

नगमाचं हसू गेलं. "मॅडमले काही त्रास?"

"नाही, तसं काही नाही. मळमळते. चक्कर येते, डोकं दुखते. पाळीचं काही खरं राहिलं नाही, मधातच डाग लागते. पण ते पित्तानं असन. मी रोज सकाळी लिंबूपाणी देऊन राहिलो तिले." सर ठासून बोलले. पंधरा वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस, त्याला एवढंही कळणार नाही? "चिडचिड वाढली मात्र. महिन्यापासून पोरीच्या मागं लागली, आपली वेणी आपण घाल. आठ वर्षांची पोरगी! मले म्हणते, वरण लावायले शिका. सिलिंडरचं पुस्तक कुठं आहे ते पाहून ठेवा."

"डब्यातला कागद वाचला नाही का तुमी?"

"तो मी मूर्तिजापूरले फेकतो."

"काहून?"

"घरी आई असते. पोरगी आता सारं वाचते. कोणाच्या हाती लागला तं?"

आणि या हुशारीचा सरांना अभिमानही होता. परतीच्या वाटेत मूर्तिजापूर आलं की डबा आणि कागद खिडकीबाहेर, गोळी तेवढी खिशात. घरी गेल्यावर रागिणीच्या हातावर ठेवायची आणि म्हणायचं, "घे." ती घ्यायची. नवरा विज्ञानाचा मास्तर, त्याला काय विचारायचं?

नगमानं एक डबा फोडला. आतली गोळी बाजूला ठेवली आणि घडीचा कागद सरांपुढं केला.

"सर, प्रजननाचा धडा तुमी आमाले शिकवलाच नाही. सोपा आहे म्हणे, घरी वाचा."

सर काउंटरच्या काचेकडं पाहत राहिले. आतल्या खोकल्याच्या बाटल्यांचे भाव त्यांना तोंडपाठ झाले असते.

"ही गोळी अडीनडीची आहे, पंधरवड्याच्या पंधरवड्याले घ्यायची नाही. मॅडमले डॉक्टरीणबाईकडे न्या. त्या तपासतीन, रोजचा दुसरा उपाय सांगतीन. तुमी सांगतला तो सारा त्रास या कागदात लिहून आहे." ती थांबली. "वेणीचं तेवढं नाही. आता हा घरी वाचा, सर."

घरापर्यंत धीर कुठला! सरांनी एसटीतच वाचला. मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी, मधेच रक्तस्राव, पाळी मागंपुढं होणं. बारीक अक्षरात ओळीनं सगळी रागिणीच लिहिलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण सर पोरांना नेहमी ऐकवायचे. मूर्तिजापूर आलं आणि गेलं. हेल्मेट काउंटरवरच राहिलं, हे त्यांना बडनेऱ्याला आठवलं.

घरी आई देवळात गेली होती. वर्षाली आरशासमोर वेणीशी झटत होती आणि रागिणी भिंतीला टेकून, डोळे मिटून तिला सांगत होती, "उजवी बट मधात घे. आता डावी."

सरांनी कागद तिच्या हातात दिला. "माझी चूक झाली, रागिणी. हा पहिल्याच दिवशी द्यायले पाहिजे होता. उद्या आपण दोघं डॉक्टरीणबाईकडे जाऊ."

तिनं एकदा वाचला. मग ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला.

"म्हणजे हे सारं या गोळीनं होऊन राहिलं होतं?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. "मले वाटलं, मले मोठा रोग झाला. मी काही जगत नाही आता. कोणाले सांगू? तुमी तं लिंबूपाणी देऊन राहिले होते."

सर तिच्याजवळ खाली बसले.

आरशासमोर वर्षालीची वेणी तिसऱ्यांदा सुटली होती. रागिणीनं डोळे पुसले, सरकत तिच्या मागं जाऊन बसली आणि तिच्या हातातली फणी काढून घेतली.

"राहू दे व माय," ती म्हणाली. "मी घालून देते."