पायांची डॉक्टर

साहेब, एटापल्लीच्या करिअर मेळाव्यात तुम्ही माझ्या पोरीचा फॉर्म खराब केला. ‘काय व्हायचंय?’ यापुढे रीनानं लिहिलं होतं, ‘पायांची डॉक्टर’. तुम्ही माईकवर हसलात, “पायांची कुठे वेगळी डॉक्टरकी असते? पाय घासायचं पार्लर म्हण की!” आणि ते खोडून ‘ब्युटी पार्लर’ लिहिलं. सगळा हॉल खिदळला. पोरगी हटली नाही. “असा कोर्स हाय, सर. मी शोधला. माह्या बाबाले शुगर हाय. मोहाची फुलं वेचताना पायात काटा रुतला, पण शुगरनं पाय बधिर, त्याले समजलाच नाई. डॉक्टर म्हणे, वेळेवर कोणी पाय पाह्यला असता तर कापावा लागला नसता.” तुम्ही म्हणालात, “नेक्स्ट!” मी शेवटच्या रांगेत होतो. मेळावा संपताच कुबडी टेकत स्टेजकडे आलो, तोवर तुमची गाडी निघाली. म्हणून लिहून विचारतो: तुम्हाला जे ठाऊक नाही, ते माझ्या पोरीनं शिकायचं नाही, हे कोणी ठरवलं? सांगा.